मोजणी

कडेशी पालथं पडायचं, म्हणाली रान्नवा,
फेरोच्या या शेवटच्या नाकाडावर
उभं राहायचं नाही. वारा माणूस ओळखत नाही.

खाली दीडशे पुरुष खोल पाणी उकळतंय.
मधे खडकाच्या वीतभर फळ्यांवर
गिलेमॉट दाटीवाटीनं, समुद्राला पाठ करून.
प्रत्येकाच्या पायांशी एकच अंडं,
एका टोकाला निमुळतं,
धक्का लागला तर स्वतःभोवती फिरून तिथंच थांबणारं.

ती दहा-दहाचे गठ्ठे करते. ओठ हलतात.
मी वहीत रेघा ओढतो.
तीनशे चाळीसला एक स्कुआ डोक्यावर झेपावतो
आणि आकडा जातो वाऱ्यावर.
पुन्हा पहिल्यापासून.

तिचा आजा इथूनच दोरानं उतरायचा,
काठीला जाळं बांधून.
वर सहाजण दोर धरून बसलेले;
तेही मोजायचे, म्हणते ती,
संध्याकाळी घरी परतले किती.
दोर अजून खोपटात आहे, मिठानं ताठ.
त्याला मेंढ्या अंग घासतात.

गेल्या जूनमध्ये सतराशे. यंदा नऊशे बारा.
आकडा लिहून होतो,
खाली रेघ मारायचं कुणीच काढत नाही.

परतताना, गुलाबी फुलांच्या गिरद्यांमधून
एक पफिन वर येतो,
चोचीत चार चंदेरी मासे आडवे,
सारा वसुलीला आलेल्यांकडे बघावं
तसा आमच्याकडे बघतो
आणि बिळात शिरतो.

"त्यालाही धर," रान्नवा म्हणते.

नव्या पानावर मी लिहितो: एक.