निवळ

पानशेतच्या पाण्याला अख्खा वळसा घालून
एसटी जिथे तोंड फिरवते
तिथून वर पाऊण तास.
पाऊण मुरलीधरला. मला सव्वा.
आता दीड लागतो, कारण मी वाटेत थांबते,
आणि दर वेळी दम लागला म्हणूनच असं नाही.

चौतीस वर्षं कर्वे रोडवरच्या एका तळघरात
मी लोकांचं रक्त उभं करत होते
काचेच्या बारीक नळ्यांत.
एक तास ठेवायचं, मग बघायचं
तांबडं किती खाली बसलं,
वर पिवळसर पाणी किती सुटलं.
भराभर बसलं तर आत कुठेतरी आग आहे.
सावकाश बसलं तर माणूस बरा.
हे मी आकड्यात लिहिलं हजारो वेळा,
वाचलं एकदाही नाही.

इथे आल्यावर पहिले दोन महिने
दुपारी दोनपर्यंत माझं सगळं उरकलेलं असायचं :
झाडणं, पुसणं, भाजी निवडणं, उद्याचीसुद्धा.
मग दोनपासून दिवेलागणीपर्यंत
दिवस समोर बसून राहायचा,
चुकून आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यासारखा.
त्याच्याशी काय बोलावं, सुचायचं नाही.

मुरलीधर साडेपाचला दचकून उठायचा.
खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला, म्हणायचा.
इथे भोंगा नाही,
रानकोंबडा आहे, तोही त्याच्या मर्जीचा.
मग एका सकाळी माझा चहा झाला,
ऊन तिसऱ्या पायरीवर आलं
तरी हा हलेना.
मी बोटं त्याच्या नाकाशी नेली.
श्वास होता.
नुसती झोप होती ती,
तीस वर्षांनी पोचलेली.

मी रक्त तपासायचे हे कुठूनसं कळून
चैत्रात ठकूबाई मरगळे दारात आली,
डोक्यावर हिरड्याचं पोतं तसंच.
‘माझंबी बग की रगत.’
म्हटलं, मशीन नाही गं इथे.
‘डोळं हायती न्हवं?’
तिची खालची पापणी ओढून बघितली.
आत जवळजवळ पांढरं.
म्हटलं, नाचणी खा.
ती हसली. ‘जलमभर तेच खाती, बाय.’
पुढचं मला कुठल्याच रकान्यात भरता येईना.
पोतं तिने खाली ठेवलंच नव्हतं.

तिचा नातू वारज्यात असतो.
दहा मिनिटांत लोकांच्या दारात दूध-ब्रेड पोचवतो,
उशीर झाला तर पैसे कापतात.
आमची सोसायटी त्याच्याच भागात येते.
आम्ही उतरवलेलं काहीतरी
त्याच्या पाठीवर असेल का,
हे मी मुरलीधरला विचारलं नाही.
तो शेंगा सोलत होता, एकेक, नीट.

आषाढात झऱ्याचं पाणी लाल येऊ लागलं.
ठकूबाईने कनवटीतून निवळीची बी काढली,
हंड्याच्या आत, कडेकडेने घासली.
‘आता हलवू नगंस.’
मी पाच मिनिटांनी वाकून बघितलं.
दहा मिनिटांनी.
पंधरा.
‘बगून बसत न्हाय ते,’ ती म्हणाली,
आणि शेळ्यांमागे निघून गेली.

मग मी डाळ निवडली. एक खडा सापडला.
ढग खाली आला, ओटीवरून आत शिरला,
दोरीवरचा टॉवेल ओला करून गेला.
त्याला कोणी काही बोललं नाही.

तिन्हीसांजेला झाकण काढलं.
वर हंड्याचं तांबं दिसेल इतकं पाणी,
तळाशी बोटभर तांबडं.
हात सवयीने छातीशी गेला, पेनासाठी.
तिथे कोटाचा खिसा नव्हता,
पदर होता, त्याला डाळीचा कोंडा.

मुरलीधर आतून म्हणाला, पाणी आण थोडं.
मी गडू बुडवला
आणि हात जरासा हलला.
खालून एक लाल धागा वर आला, पसरला,
सगळं पुन्हा गढूळ.

आणते, म्हटलं.
झाकण ठेवलं.
बसले.