उशिरा लिहिलेला पंचनामा

जागा : यावल-फैजपूर रस्ता, हिंगोणा फाट्याच्या अलीकडे,
जिथे केळीचे ट्रक ताडपत्री आवळायला थांबतात.
वेळ : रात्रीचे सव्वानऊ, क्लास सुटल्यावर.
सायकल एक, पोरं दोन.
मी कॅरिअरवर.

"कुठी चालले रे भो?"
टॉर्च आधी आमच्या तोंडांवर फिरला,
मग दिलदारच्या शर्टावर आला
आणि तिथंच थांबला.

त्या आठवड्यात विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जात होती.
कुणीतरी सापडायला हवं होतं.

"हे डाग कसले?"
चीक आहे साहेब, केळीचा.
घड कापला की देठातून गळतो, पाण्यासारखा नितळ,
अंगावर वाळला की काळा पडतो.
सोड्यानं जात नाही, लिंबानं जात नाही,
शर्ट फाटतो, डाग राहतो.
दिलदार सुट्टीच्या दिवशी घड वाहायचा,
आमच्याच मळ्यात.
माझा शर्ट पांढराशुभ्र होता.

दप्तर डांबरावर उलटं केलं.
यादी मी आता करतो, तेव्हा कुणी केली नाही :
भूमितीची वही, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.
कळण्याची अर्धी भाकरी, ठेचा, पिशवीत गुंडाळून.
आईचा मोबाइल, काच तडकलेली.
("लॉक उघड." उघडलं.
लग्नाचे फोटो, बकरीचे फोटो, एक फोटो चुकून काढलेला, नुसता अंगठा.)
कंपासपेटी.
हवालदारानं कर्कटक उघडलं,
दोन्ही टोकं बोटाला लावून पाहिली.
"हे कशाला बाळगतो?"
"अंतर मोजायला," दिलदार म्हणाला.
ते हसले. कर्कटक खिशात गेलं.

"पूर्ण नाव."
हर्षल वासुदेव फेगडे.
"वासूअण्णांचा का रे तू? जाय घरी, अण्णा वाट पाहत असतील."
दिलदार सायबू तडवी.
यावर कुणी काही बोललं नाही.
जीपचं मागचं दार उघडलं.

आता माझ्याविषयी.
जानेवारीत विधी सेवा समितीच्या वकीलबाई शाळेत आल्या होत्या.
अठराच्या आतल्या पोराला कोठडीत ठेवता येत नाही.
आईबापाला कळवावं लागतं.
का थांबवलं, हे विचारता येतं,
आवाज न चढवता, पण विचारता येतं.
प्रश्नमंजूषेत मी पहिला.
बक्षीस स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं.
दिलदार त्या दिवशी गैरहजर.
मळ्यात गाडी लागली होती. आमचीच.

त्या रात्री तिन्ही उत्तरं माझ्या तोंडात होती,
कच्च्या केळासारखी,
तुरट, जीभ टाळूला चिकटवणारी.
मी एवढंच म्हणालो,
"साहेब, सायकल त्याची आहे."
असं का म्हणालो, अजून सांगता येत नाही.
आणि चालत निघालो.

वळून पाहिलं तेव्हा
तो उकिडवा बसून
टॉर्चच्या उजेडात
भाकरीवरची खडी झटकत होता.

सकाळी सोडलं.
वकीलबाईंनी पुढे चौकशी केली, तर उत्तर आलं :
असा कुणी आणलाच नव्हता, नोंद नाही.
म्हणजे साडेनऊपासून उजाडेपर्यंत
दिलदार सायबू तडवी कुठंच नव्हता.
सायबूकाका ठाण्याच्या फाटकाशी रात्रभर
कुणाची वाट पाहत होते मग?

भूमितीच्या पेपराला त्यानं कर्कटक मागितलं.
मला नाही, पुढच्या बाकावरच्या झोपेला.
मीच माझं पुढे केलं.
त्यानं घेतलं. एक रेघ मोजली, दुसरी मोजली,
आणि परत दिलं,
टोकं स्वतःकडे धरून.

पंच क्रमांक एक : मी. वय तेव्हा पंधरा, आता चोवीस.
पंच क्रमांक दोन : जागा कोरी.
ट्रकवाले होते तिथं, चहावाला होता,
पण त्यांना कसं शोधणार, आणि शोधून काय विचारणार,
मीच तोंड उघडलं नव्हतं.

मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे,
असं शेवटी लिहायचं असतं.
लिहिलेलं नाही.
दिलदार आता सावद्याला वायरमन आहे,
नंबर माझ्याकडे आहे.