हातचा एक

सत्व्यात, शिंप्यांच्या गल्लीमागे,
आमच्या टायपिंग सेंटरच्या काचेवर लिहिलंय:
व्हिसा, भाडेकरार, तक्रार, विनंती.
विनंतीला तक्रारीपेक्षा पाच दिरहम जास्त,
कारण विनंतीत विशेषणं लागतात.

मी मुनाफ हुर्झुक, मूळ मुरूडचा.
अठरा वर्षं लोकांची वाक्यं सरळ करतोय.

गेल्या मंगळवारी तीनशे चार नंबरमधल्या
जिप्समच्या भिंती पाडल्या.
नियम आहे, आणि नियम खोटा नाही.
मागे धूर झाला तेव्हा
दारापर्यंत पोचायला अकरा पडदे बाजूला करावे लागले होते.
पण भिंती पडल्या
आणि भाडं तेवढं उभं राहिलं.

रात्री नऊला पाच जण आले.
लिफ्ट दुरुस्त करणारा शाजी,
दवाखान्यात बाळांची वजनं करणारी मारिविक,
सलूनमधली दिलमाया, तिचा मुका भाऊ,
आणि कणकवलीची हर्षदा धुरी,
जिची बॅग लॅबमध्ये रक्ताच्या फ्रिजशेजारी ठेवलेली.
म्हणाली, अर्ज लिहा.
काय मागू?
घर.

म्हटलं, घर मागायचं नसतं गं, कायदा मागायचा.
आणि पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडून दाखवलं:
सत्तर खोल्यांची इमारत, त्यातल्या वीस
अशा पगाराला परवडतील अशा, पंधरा वर्षं बांधून घ्यायच्या.
खिडकी हवी. दार आतून लागायला हवं.
त्या बदल्यात मालकाला सरकारनं सूट द्यायची.

शाजी हसला. कसली सूट? इथे करच नाही.
खरंय. कर नाही त्याला डर कशाला,
असं म्हणतच तर विमानात बसलो होतो सगळे.
पण फी आहे ना, म्हटलं,
परवान्याची, नोंदणीची,
वीज-पाण्याच्या बिलात अगदी तळाशी, बारीक अक्षरात.
त्यातून वजा करा.

ही खैरात नव्हे.
मुरूडच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेली बेरीज आहे.
एककाच्या घरात नऊच मावतात.
दहावा आला की त्याला कुणी रस्त्यावर काढत नाही;
हातचा एक धरतात
आणि शेजारच्या घरात मांडतात.
आकड्याला घर असतं.
हातचा विसरलात तर पुढचं सगळं चुकतं,
अगदी वरच्या मजल्यावरच्या लाखापर्यंत.

एवढं अरबीत बसवायला दीड तास लागला.
अरबी उजवीकडून निघते, इंग्रजी डावीकडून,
आणि कागदाच्या मध्यावर दोघी
एकमेकींना जागा देतात.
विशेषणं एकही घातलं नाही.
पाच जणांचा एक अर्ज नको, म्हटलं; पाच जणांचे पाच.

शेवटचा रकाना: अर्जदाराचा पत्ता.
मारिविकनं पेन उचललं, परत ठेवलं.
दिलमायाचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला.
मी पाचही अर्जांवर
सेंटरचा पोस्ट बॉक्स टाकला,
मालकाला न विचारता.

उत्तर अजून आलेलं नाही.
पण बॉक्स उघडला की आता
बँकेची पत्रं निघतात, शाजीचा एक दंड,
कुठल्याशा चर्चचं कॅलेंडर,
आणि काल कणकवलीहून, हळदीकुंकवाची बोटं लावलेली
हर्षदाच्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका.
गल्ल्याच्या खणात ठेवली आहे.
ती शुक्रवारी येते.