बेड म्हणण्याची सोय

वडगावात, खाली चार माग चालतात,
वरच्या खोलीत मी.
टेबल थरथरतं, स्क्रीनवरची अक्षरंसुद्धा
जरा विणल्यासारखी दिसतात.

लायब्ररी लिहितोय. विनंती पाठवायची,
उत्तर आलं की हातात द्यायचं, एवढंच.
मृदुलानं शोधाच्या चौकटीत ‘खा’ लिहिलं,
मग ‘खाना’, मग ‘खानापूर’.
खानापूरच्या गाड्या आल्या, नीट रांगेत बसल्या,
आणि मागून धापा टाकत
‘खा’चं उत्तर पोचलं:
खासबाग, खादरवाडी. नव्याला पुसून वर बसलं.
“मी विसरले ते ह्याला आठवतंय की,” मृदुला म्हणाली.

रद्द करता यायला हवं.
पण तो हक्क उत्तरालाच चिकटवला
तर ज्याला ज्याला ते दाखवू, तो तो मोडणार.
म्हणून चिठ्ठी निराळी केली.
मागणाऱ्यानं ती खिशात ठेवायची,
विनंतीच्या गळ्यात फक्त तिची खूण.

खाली इराण्णा माग बंद करतो,
तेव्हा धोटा मधेच पडत नाही;
पेटीपर्यंत जातो, मग थांबतो.
माझंही तसंच. मी नको म्हणतो तेव्हा
पलीकडे काम होऊनही गेलेलं असेल,
मी नुसता कान काढून घेतो.
कोपऱ्यावर “एक बेड री” म्हटलं
की बसप्पा ओतलेला चहा स्वतःच पितो,
तसं.

रद्द होणं ही चूक का?
लाल अक्षरांत ओरडायचं की गप्प बसायचं?
ह्यावरून मृदुला दोन दिवस बोलली नाही.
शेवटी तिसरं नाव दिलं, यशही नव्हे, चूकही नव्हे: ‘बेड’.
पुण्याचं एक पोरगं विचारतं, म्हणजे खाट का?

मग कळलं, एकच उत्तर दोघांनी मागितलेलं असतं.
एक उठून गेला, म्हणून दुसऱ्याचं ताट ओढायचं?
मोजत बसलो. शेवटचा उठेपर्यंत दिवा ठेवला.

राहिली मुदत.
तीस सेकंद लिहिले, आणि कागदाच्या ढिगात
बाबांच्या अर्जाची पोच सापडली:
उतारा मराठीतून मिळावा.
वर कन्नड शिक्का, निळा, अर्धा उमटलेला.
तारीख माझ्या जन्माआधीची.
बाबांनी तो कधी मागे घेतला नाही,
कुणी नाहीही म्हटलं नाही.

तीस खोडले.
वापरणाऱ्यानं ठरवावं, असं लिहून
खाली चहाला गेलो.