रिकामी गाडी

मी गाडी रिकामी असतानाच ओढायचो.
एवढं आधी सांगून ठेवतो,
कारण माझ्या बाजूचा साक्षीदार मी एकटाच.

पहाटे पाच चाळीसला घणसोलीतून निघायचं,
महापेला सीएनजीची रांग.
तिथं खिशाला हात लावायचा नाही.
लाल अक्षरांची पाटी आहे, पंपावरचा पोरगा खेकसतो,
आणि गॅसची भीती कुणाला नाही?
टाकी भरली की पुलाखाली गाडी लावायची,
काचा वर, कारण बाहेर कंपन्यांचा वास,
आणि शाळेचं पहिलं पोर चढेपर्यंत
दोन.
थंडीत तीन.

गॅसला एवढा जपायचो.

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला इझान चढायचा.
त्याच्या आईनं जूनमध्येच निळा पंप दाखवला होता,
'काका, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो.
शिट्टी वाजायला लागली की दाबायचा, दहा आकडे मोजायचे.'
कसली शिट्टी?
'छातीतली.'
नोव्हेंबरपर्यंत ती मला ओळखू यायला लागली,
इंजिनाच्या आवाजातूनसुद्धा,
बेअरिंगची कुरकुर ओळखू येते तशी.
बेअरिंग असतं तर कारण शोधलं असतं.
इथं म्हणायचो, हवाच खराब आपल्याकडची,
ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक बघा जरा.

ट्रक होतेच म्हणा.

आणि स्वरांगी. दुसरीतली.
माझ्या पाठीमागच्या जागेसाठी भांडायची.
खिडकी नको, मैत्रीण नको, तीच जागा.
माझ्या सीटच्या कव्हरला नाक लावून बसायची.
एकदा सिग्नलला विचारलं, काय गं, झोप येते?
'नाही. इथं पप्पांचा वास येतो.'

तिचे पप्पा दोन वर्षं झाली, फोटोत आहेत.
कशानं गेले ते मला माहीत नाही.
विचारायचं धाडस आजही नाही.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न.

म्हणजे गाडी रिकामी नव्हतीच कधी.
माझ्या दोन-तीन सिगारेटी
पोरांच्या आधी येऊन
जागा धरून बसायच्या.

रविवारी सगळी कव्हरं काढली, गच्चीवर नेली.
इंदूनं सोडा टाकला.
पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं आलं.
दुसरंही.
तिसऱ्या पाण्याला ती बोलायची थांबली.
आमची मृदुला लहानपणी बारा महिने खोकायची,
आम्ही म्हणायचो, हिला इथली हवा मानवत नाही.
ते ती काढेल असं वाटलं. काढलं नाही.
नुसती पिळत राहिली.

मी खाली येऊन छत पुसलं.
पुसलं तिथं पांढरा गोल पडला.
म्हणजे ते पांढरं होतं.

ड्रायव्हर सीटखाली एक नॅपकिन सापडला,
जुना, वासानं जड झालेला.
क्षणभर वाटलं, राहू दे हा एवढा,
त्या पोरीसाठी.
हातात धरून उभा राहिलो.
मग म्हटलं, दहा आकडे मोजू.
सातावर बादलीत टाकला.

सोमवारी स्वरांगी चढली. नाक लावलं.
मग आरशातून माझ्याकडं बघत राहिली.
'धुतली?'
धुतली.
पुढच्या स्टॉपला उठून खिडकीशी गेली.
तिची जागा दोन दिवस कुणी घेतली नाही,
बुधवारी इझान बसला, त्याला काय माहीत.

सोडली असं मी म्हणणार नाही.
परवा एक ओढली,
गाडीपासून लांब, नाल्याच्या कठड्याशी,
शर्ट बदलला, चूळ भरली,
तरी इझान चढला तेव्हा
मी माझाच श्वास धरून ठेवला,
जमेल तेवढा,
सेक्टर वीसच्या वळणापर्यंत.