अर्धं बोट

किंदळ आडवा झाला दोन वर्षांमागच्या वादळात,
आमच्याच बांधावर, कुणाला न विचारता.
उचलायला मात्र विचारावं लागलं.
खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसात चार हेलपाटे,
कानडी फॉर्म, खाली माझी मराठी सही.
क्लार्क म्हणाला, चालतंय अक्का,
झाड काय वाचायला येत नाही.

मधे ओढा.
अलीकडे घर, गोठा, परसू.
पलीकडे सव्वादोन एकर भात.
बैलं होती तोवर त्याला कुणी ओढा म्हणत नव्हतं,
पाय भिजायचे, एवढंच.
आता कापणीला मशीन येतं सेलमहून,
पट्ट्यावर चालणारं, साडेतीन टनांचं,
आणि काठावर थांबून राहतं
सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखं,
आत या म्हणायची वाट बघत.

दीर म्हणाले, सिमेंटचे पाईप टाकू.
टाकले होते.
पहिल्याच पुरानं नेले ते मष्णू घाड्याच्या उसात.
अजून त्यात त्याची कोंबडी अंडी घालते.

म्हणून रुद्राप्पा बडिगेर, नंदगडचा.
आला तो थेट ओढ्यात उतरला,
लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही.
काठाची माती मुठीत दाबून सोडली, परत दाबली.
"पूल लाकडानं पडत नाही बाई, काठानं पडतो."
मग आठ दिवस नुसते जांभ्याचे चिरे,
दोन्हीकडे, पाण्यापासून हातभर मागं.
मजुरी रोजची, आणि लाकडाला अजून हात नाही.
दीर काही बोलले नाहीत.
ते बोलत नाहीत तेव्हा जास्त ऐकू येतं.

लोंढ्याच्या मिलात पाच तुळया निघाल्या.
ओढा चौदा फूट, तुळई अठरा.
चार फूट कशाला वाया, मी म्हटलं.
"दोन इकडे, दोन तिकडे. तिला झोपायला जागा नको?"
प्रत्येक तुळईवरून तो तळवा फिरवायचा,
किंचित बाक कुठल्या अंगाला ते शोधत.
"ही पाठ. पाठ वर."
ओझं पाठीवर घ्यायचं असतं हे मला ठाऊक होतं,
लाकडालाही असतं हे नव्हतं.
मग फळ्या, आधी भोक, मग सहा इंची खिळा,
कापलेल्या तोंडांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल.
तो मोजायचा कानडीत, मी वहीत लिहायची मराठीत,
दोघांचाही एक फळी हिशेब चुकला.

दिवाळीनंतर मशीन आलं.
ड्रायव्हर चिन्नदुरई उतरला, फळ्यांवर टाच आपटली,
काहीतरी विचारलं. कुणालाच कळलं नाही.
रुद्राप्पानं पंजा दाखवला: "ऐदु."
पाच टन.
"ऐंदु?" चिन्नदुरईनं विचारलं.
एका टिंबाचा फरक.
तो हसला आणि चढून बसला.

मधल्या तुळईखाली रुद्राप्पानं सुतळी ताणली होती,
चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत,
सुतळी आणि लाकूड यांत एक बोट फट.
सगळे मशीनकडे बघत होते.
तो पाण्यात उकिडवा, सुतळीकडे.
मी त्याच्याकडे.

पट्टे चढले. लाकूड कुरकुरलं,
म्हातारं माणूस उठताना करतं तसं,
आणि फट अर्धी झाली.
अर्धीच.
मग पलीकडे भातात इंजिनाचा आवाज,
आणि तुळई हळूहळू वर.

"आली जागेवर?"
"नखभर राहिली," रुद्राप्पा म्हणाला, "ती राहणारच."
आणि बिडी पेटवायला कोरडी काडी मागितली.

शेळ्यांना चार दिवस पटलं नाही.
दीर अजून ओढ्यातूनच जातात,
चपला हातात घेऊन. सवय म्हणतात.
काल संध्याकाळी परसवातून बघितलं:
पुलाखाली थांबले, इकडेतिकडे पाहिलं,
चपला काखेत मारल्या,
आणि सुतळी नि लाकडाच्या मधे
हळूच एक बोट घालून बघितलं.