गजथरातला अकरावा हत्ती

साक्रीच्या पुढे बस सोडली. मग दोन मैल
बुराईच्या कोरड्या पात्रातून, चैत्राच्या उन्हात.
बाबांच्या खांद्याला तीच कातडी पिशवी:
तीन टाक्या, हातोडी, कळण्याची भाकरी, ठेचा.
मी म्हटलं होतं, अवजारं कशाला, बघायलाच तर जातोय.
ते म्हणाले, दगडाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

देऊळ आधी दिसत नाही.
आधी दिसतात दोन निंबं, त्याखाली पोरांनी रचलेल्या
स्टंपांच्या विटा, पिवळ्या लुगड्यावर वाळत घातलेले पापड,
मग एकदम तो काळा भार.
शिखर कधीचंच गेलेलं,
जेवताना टोपी काढून ठेवलेल्या
म्हाताऱ्यासारखा बसलेला.

मी वहीतलं वाचत होतो:
जगती, अधिष्ठान, मंडोवर, अंतराळ.
शब्दही एकावर एक ठेवलेले, चुन्याशिवाय.
बाबांनी चपला काढल्या. गाभाऱ्याकडे गेले नाहीत.
पहिल्याच खांबावर बोटाच्या पेराने
दोनदा वाजवलं, कान लावला,
'पक्कं शे,' म्हणाले,
कलिंगड निवडल्यासारखे.

मंडपातला अंधार थंड होता,
रांजणाच्या पोटात असतो तसा.
खांब खाली चौकोनी, मग अठकोनी, मग गोल;
कुणीतरी दगडाला समजावत समजावत
एकेक कोपरा सोडायला लावलेला.
वर छतात वर्तुळ, त्यात वर्तुळ, त्यात आणखी एक,
मधोमध उलटं लोंबणारं कमळ,
आणि तुटलेल्या पाकळीच्या जागी वटवाघळाचा संसार.
मान दुखेपर्यंत बघत राहिलो.
'सुंदर' एवढाच शब्द हाताशी होता
आणि तो तिथवर पोचत नव्हता.

बाहेर आलो तर बाबा उकिडवे,
गजथरासमोर, एकेका हत्तीच्या पाठीवरून हात फिरवत
बैलबाजारात हिंडावं तसे सरकताहेत.
नऊ. दहा.
अकराव्याशी थांबले आणि हसले,
दातांच्या फटी दिसतील असं.
'हाऊ हात पोऱ्याना शे.'

मी वाकलो. पाय आधी कोरून बसला होता बिचारा,
मग आठवलं असेल, सोंड राहिली;
ती पायावरूनच ओढून घेतलेली,
आणि शेपटीला तर जागाच उरली नव्हती.
इथे टाकी सरळ धरली, बाबा सांगत होते,
तिरपी धरायची होती. इथे घाबरला.
इथे गुरूने हातातून काढून घेतली,
बघ, कान कसा एकदम शहाणा झालाय.

बाबा गावोगाव जात्यांना टाकी लावायचे.
तेरा वर्षांचा होतो, एका पाट्यावर त्यांनी मला बसवलं,
तिसऱ्याच घावात मी तो चिरला.
बाईने नव्या पाट्याचे पैसे मागितले, बाबांनी दिले,
आणि जूनमध्ये माझं नाव पुन्हा शाळेत घातलं.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
तेव्हाही बोललो नाही.
त्यांनी फक्त माझं बोट धरून
त्या चुकलेल्या सोंडेवरून वरपासून खालपर्यंत नेलं.
'काढी टाकं का याले कोनी?'

पापड गोळा करायला आलेल्या ठगूबाईने पिशवी ओळखली.
'बाबा, मना पाटा घसाई गया. टाकी लाई देशात का?'
जगतीच्या सावलीत तिने पाटा आणून टाकला.
टक् टक् टक्.
मंडपातून आवाज परत यायचा, थोडा उशिरा,
जणू आत अजून कुणी कामावर आहे.
पारवे उडाले, बसले, पुन्हा उडाले नाहीत.
दगडाची पूड बाबांच्या मिशीवर,
मधेच त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली.
मी पाच घाव घातले. तिरपे.
ते काही बोलले नाहीत, पाटाही चिरला नाही.

ठगूबाईने वीस रुपये दिले आणि दोन कैऱ्या.

परतीच्या बसमध्ये, धुळ्याच्या अलीकडे, आठवलं:
देवाला हात जोडायचे राहिलेच.
बाबा खिडकीतून बघत होते,
कैरी दाताने सोलत.
'वाजाडी उनूत ना,' म्हणाले.